शोधप्रकल्प काढायला निघालेल्यांना

पदव्युत्तर अभ्यासक्रमातून शोधप्रकल्प काढून टाका, हे मत आता कुणी दबक्या आवाजात मांडत नाही. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ते ऐकू येते. भोसरीच्या कारखान्यांतले एचआरवाले तेच बोलतात आणि मुलीच्या एमकॉमची फी भरणारे आईबापही. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लघुप्रबंध लिहून पदवी घेतली, तेच आज सर्वांत जोरात बोलतात याचे मला फार वाईट वाटते. मी दिघीत राहते आणि याच पट्ट्यातल्या मुलामुलींना अर्थशास्त्र शिकवते. हे मत आता इतके रुळले आहे की त्याला कुणी पुरावासुद्धा मागत नाही. म्हणून त्याचा एकदा नीट समाचार घेणे भाग आहे.

त्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत मांडते, म्हणजे मी विपर्यास केला असे कुणी म्हणणार नाही. “एमए, एमकॉम, एमएस्सी करणाऱ्या पोरांना संशोधन कशाला? ज्याला करायचंय तो पीएचडी करेल. आपल्या भागाला कामाची पोरं हवीत, पुस्तकी पंडित नकोत. त्यातून ही पोरं दिवसा कंपनीत, नाहीतर रात्रपाळीला. त्यांना वेळ कुठे आहे? आणि वेळ मिळाला तरी करतात काय? नेटवरून उचलतात, ब्लॅकबुक बाइंड करतात, व्हायवाला उभी राहतात, दहा मिनिटांत मार्क पडतात. सगळा देखावा. त्यापेक्षा दोन पेपर वाढवा किंवा ओजेटीचे तास वाढवा. पोरांचंही भलं, कॉलेजचंही भलं.”

हे नुसते कट्ट्यावरचे बोलणे असते तर मी त्याच्या वाटेला गेले नसते. पण नियमांमध्ये आता या मताला शिरायला जागा झाली आहे. राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाने पदव्युत्तर पदवीची नवी चौकट घातली. त्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा 4 क्रेडिटचा पेपर आला, दुसऱ्यात 4 क्रेडिटचे ओजेटी, म्हणजे कामाच्या जागेवरचे प्रशिक्षण, किंवा क्षेत्रीय प्रकल्प. शोधप्रकल्पाला तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्यात 6 क्रेडिट मिळाले. दोन वर्षांच्या एकूण 88 क्रेडिटांत शोधप्रकल्पाचे 10. त्यानंतर 2024 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा काढला आणि त्यात दुसऱ्या वर्षासाठी तीन वाटा ठेवल्या: फक्त कोर्सवर्क, कोर्सवर्क आणि संशोधन निम्मे निम्मे, किंवा पूर्ण वर्ष संशोधन. चार वर्षांची पदवी घेऊन येणाऱ्यांच्या एका वर्षाच्या मास्टर्सलाही हेच तीन पर्याय.

विद्यार्थ्याला निवड मिळावी हा हेतू चांगलाच आहे. पण निवड खरोखर करणार कोण? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे अभ्यासक्रम अभ्यास मंडळात ठरतो आणि विद्यापरिषदेपुढे जातो. स्वायत्त महाविद्यालयांची तर मंडळे स्वतःचीच. तीन वाटांपैकी पहिली सर्वांत स्वस्त आहे. तिला मार्गदर्शक लागत नाहीत, प्रयोगशाळा जास्त वेळ उघडी ठेवावी लागत नाही, बाहेरचे परीक्षक बोलवावे लागत नाहीत. एका वर्गात साठ मुले बसवली की झाले. उद्या एखाद्या कॉलेजने ‘विद्यार्थ्यांच्या मागणीवरून’ फक्त पहिलीच वाट उघडी ठेवली, तर दिघी-भोसरीच्या मुलाने संशोधनाची वाट धरायला जायचे कुठे? पुण्यात खोली घेऊन राहायचे? ज्याच्या घरी ते परवडते त्याला निवड राहील. बाकीच्यांचा निर्णय मंडळाच्या बैठकीतच होऊन गेलेला असेल.

आता त्यांचे पहिले म्हणणे घेऊ. संशोधनासाठी पीएचडी आहे म्हणतात. पीएचडीपर्यंत पोचायची पायरी कोणती? आधी एमफिल होती. नोव्हेंबर 2022 च्या आयोगाच्या विनियमांनी ती बंद केली. त्याच विनियमांत पीएचडीच्या कोर्सवर्कला किमान 12 क्रेडिट ठेवले आहेत. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने आयुष्यात एकही प्रश्न स्वतः मांडला नाही, एकही माहितीचा तक्ता स्वतः भरला नाही, तो थेट तीन ते सहा वर्षांच्या कामाला जुंपला जाणार आणि तोवर त्याला शिकवणार फक्त ते 12 क्रेडिट. हे विद्यार्थ्याच्या हिताचे आहे असे कोण छातीठोकपणे सांगेल? एमफिल गेल्यावर मास्टर्सचा शोधप्रकल्प हीच एक जागा उरली आहे, जिथे चुकण्याची किंमत परवडण्यासारखी असते. तिथे चुकले तर दोन महिने वाया जातात. पीएचडीत चुकले तर तिशी निघून जाते.

मास्टर्सच्या पातळीवर काय होऊ शकते हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. दिघीहून विश्रांतवाडी ओलांडली की येरवड्याला डेक्कन कॉलेज लागते. इरावती कर्वे 1939 मध्ये तिथे आल्या आणि पुढे मराठी समाजाला स्वतःकडे पाहायला त्यांनी शिकवले. त्यांची सुरुवात कुठे झाली? मुंबई विद्यापीठात, गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली, 1928 च्या एमएसाठी लिहिलेल्या चित्पावनांवरच्या प्रबंधात. बर्लिनची पीएचडी नंतरची. आणि 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तो कुठल्या मोठ्या परिषदेत वाचलेला नव्हता. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, म्हणजे शिक्षणक्रमाचाच भाग असलेल्या तासाला वाचलेला तो निबंध होता. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी जातीवर बोलणाऱ्याला तो टाळता येत नाही. त्या वर्गात कुणी म्हटले असते की कोर्सवर्क करा, लिखाणाची घाई नको, त्यासाठी पुढे डॉक्टरेट आहे, तर?

यावर ठरलेले उत्तर येते: ते आंबेडकर होते, त्या इरावतीबाई होत्या. मला या उत्तराची चीड येते. त्यांना ती संधी मिळाली तेव्हा त्यांच्या नावापुढे अजून काहीही लागलेले नव्हते. संधी आधी द्यावी लागते. कोण काय निघेल ते नंतर कळते.

दुसरे म्हणणे उद्योगाच्या नावाने केले जाते: आपल्या पट्ट्याला संशोधनाची गरज नाही. हे कोणत्या गावात बसून बोलतो आहोत याचे तरी भान ठेवावे. दिघीतच डीआरडीओची आर अँड डीई ही अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे. लष्कराचा ‘सर्वत्र’ पूल आणि बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ यंत्रमानव तिथे घडला. दिघी हिल्सवर 1994 पासून आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. भोसरीत सीआयआरटी आहे, जिथे बसगाड्यांचा आणि रस्ते वाहतुकीचा अभ्यास होतो. एआरएआयचे वाहनांचे मोठे चाचणी केंद्र चाकणला आहे. एवढ्या मोजक्या अंतरात एवढ्या संशोधन संस्था महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असतील. त्यांच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलांना मात्र सांगायचे की संशोधन तुमच्यासाठी नाही?

बरे, मोठ्या संस्था सोडा. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या व्हेंडरच्या शेडमध्ये चला. चाकणच्या कंपनीकडून लॉट रिजेक्ट होऊन परत येतो आणि पाठोपाठ मेल येते: एट-डी रिपोर्ट पाठवा. दोष नेमका कोणता, तो कधीपासून दिसतो, मूळ कारण काय, ते कशावरून ठरवले, परत होऊ नये म्हणून काय केले. हे संशोधन नाही तर काय आहे? प्रश्न नेमका करणे, पुरावा गोळा करणे, कारण आणि योगायोग वेगळे काढणे, निष्कर्ष तपासून पाहणे, सगळे त्यात आहे. आणि प्रत्यक्षात त्या रिपोर्टमध्ये काय लिहिले जाते? मूळ कारण: ऑपरेटरचा हलगर्जीपणा. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग दिले. खाली त्या ऑपरेटरची सही. महिन्याभराने तोच दोष घेऊन दुसरा लॉट परत येतो.

माझ्या एका विद्यार्थ्याचा मोठा भाऊ अशाच एका शेडमध्ये क्वालिटीला होता. एका शाफ्टची कडकपणाची चाचणी वारंवार नापास होत होती आणि दर वेळी ऑपरेटर बदलला जात होता. धाकटा तेव्हा संशोधन पद्धतीचा पेपर शिकत होता. त्याने भावाला विचारले, रिजेक्ट झालेले पार्ट कोणत्या पाळीचे आहेत, कोणत्या मशीनचे आहेत आणि कोणत्या हीट नंबरच्या मालाचे आहेत, हे तीन रकाने कुणी एकत्र मांडले आहेत का? कुणीच मांडले नव्हते. रजिस्टरे होती, पण तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर. दोघांनी एका रविवारी वहीत रकाने पाडून सगळे उतरवून काढले, तेव्हा पाळीचा काही संबंध नाही आणि बहुतेक पार्ट एकाच सप्लायरच्या मालाचे आहेत हे डोळ्यांसमोर आले. त्यात कुठलेही मोठे गणित नव्हते. ती सवय त्या मुलाला अर्थशास्त्राच्या एमएत लागली होती, आणि ती पाठ करून लागत नाही.

उद्योगाला संशोधन नको म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आले आणि दुचाक्यांतला कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता विजेची वाहने येत आहेत. त्यांना ना पिस्टन लागतो, ना क्रँकशाफ्ट, ना सायलेन्सर. भोसरी-चाकणच्या कितीतरी शेड याच पार्टांवर उभ्या आहेत. दोन पेपर वाढवून द्या म्हणणाऱ्यांनी सांगावे, त्या पेपरांत लिहायचे काय? आज जे पाठ करून घ्याल ते पाच वर्षांत जुने होईल. नव्या अडचणीपुढे उभे राहून ‘मला हे माहीत नाही, पण कसे शोधायचे ते माहीत आहे’ असे म्हणू शकणारा माणूस या पट्ट्याला आज हवा आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत जास्त खुपते, कारण ते दयेचा आव आणून येते. बिचाऱ्या कामकरी मुलांना वेळ नसतो. खरे आहे, नसतो. माझ्या वर्गातली निम्मी मुले कुठेतरी ट्रेनी आहेत, कुणी गोदामात स्कॅनिंग करते, कुणी ट्यूशन घेते. सकाळच्या तासाला झोपेने जड झालेले डोळे मी रोज पाहते. पण मग नियम कुणी बदलायचे? पूर्ण वेळ विद्यार्थी गृहीत धरून उपस्थिती आणि सबमिशनच्या तारखा आखायच्या, आणि तो विद्यार्थी अर्धवेळ निघाला की त्याचे वेळापत्रक न बदलता त्याचे शिक्षणच कमी करायचे? 2022 च्या विनियमांनी नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ पीएचडीची मुभा दिली. मग नोकरी करणाऱ्या एमएच्या विद्यार्थ्याला शोधप्रकल्पासाठी एखादे सत्र जादा देण्यात कोणती अडचण आहे? विषय तिसऱ्या सत्रात ठरवण्याऐवजी दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच ठरवला, तर मधली उन्हाळ्याची सुट्टी आणि दिवाळी हातात येते. कामावरच्याच प्रश्नावर प्रकल्प करायला मान्यता दिली, तर त्याची आठ तासांची पाळीच त्याचे क्षेत्रकार्य होते. हे काही चमत्कार नाहीत. अभ्यास मंडळाच्या एका ठरावाचे काम आहे.

याच पिंपरी-चिंचवडमधली कितीतरी घरे मुलांना मास्टर्ससाठी जर्मनीला पाठवतात. तिथे शेवटी प्रबंध लिहावाच लागतो, 15 ते 30 ईसीटीएस क्रेडिटचा. कितीतरी ठिकाणी पूर्ण शेवटचे सत्र त्यातच जाते. ही मुलेसुद्धा तिथे दुकानांत, हॉटेलांत अर्धवेळ काम करून शिकतात. तिथला प्रबंध काढा, आमच्या मुलाला वेळ नाही, असे कुणी आईबाप म्हणाल्याचे मी ऐकलेले नाही. उलट, मुलाला कंपनीत थिसिस करायला मिळाला म्हणून पेढे वाटतात. तोच प्रबंध आचेन-स्टुटगार्टला अभिमानाचा आणि दिघीच्या मुलाला ओझ्याचा, हे कसे?

आणि ज्यांना वेळ नसतो म्हणतात, ती मुले काय करतात ते सांगते. एक विद्यार्थी दिघीच्या रेड झोनमध्ये राहणारा होता. दारूगोळ्याच्या मॅगझिन डेपोच्या भोवती संरक्षण खात्याचे बांधकामाचे निर्बंध आहेत आणि तरीही तिथे हजारो घरे उभी आहेत. अर्धा गुंठा, एक गुंठा, बॉन्ड पेपरवर घेतलेला. बँक त्यावर गृहकर्ज देत नाही. त्याने ठरवले की आपल्याच गल्लीतल्या लोकांनी घर बांधताना पैसा उभा कसा केला, हे पाहायचे. पहिल्या फेरीत तो हात हलवत परत आला. “मॅडम, कुणावरच कर्ज नाही म्हणतात,” म्हणाला. प्रश्नावलीत त्याने विचारले होते: आपल्यावर किती कर्ज आहे? मी त्याला एवढेच म्हटले की परत जा आणि घर कसे बांधले ते ऐक. तो गेला. शेजारच्या काकूंकडे बसला, चहा घेतला, आणि काकूंनी सुरुवातच केली: आधी गावाकडचा वाटा विकला, मग भिशी लागली तेव्हा जोते झाले, स्लॅबच्या वेळी पाटल्या ठेवल्या सोनाराकडे, त्या अजून तिथेच आहेत. वरचा मजला पतसंस्थेच्या पैशांवर, जामीन मेव्हणा. त्या बाईच्या हिशेबात यातले काहीच कर्ज नव्हते.

त्या दिवशी तो मुलगा अर्थशास्त्र शिकला असे मी म्हणते. आधीची सगळी पुस्तके वाचून त्याला वाटत होते की माहिती तयार पडलेली असते आणि आपण ती गोळा करायची. प्रश्न चुकला तर खरे बोलणारे माणूससुद्धा चुकीचे उत्तर देते, हे त्याला त्या ओट्यावर कळले. मग त्याने प्रश्नावली फाडली, प्रत्येक घराची बांधकामाची हकिकत टप्प्याटप्प्याने लिहून घेतली आणि कोणत्या टप्प्याला कोणता पैसा, किती व्याजाचा, कुणाच्या जामिनावर, याचा तक्ता केला. गृहकर्जाच्या बँकेच्या आकड्यांत ही अख्खी वस्ती दिसतच नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. हा प्रश्न मला सुचला नसता. पुण्यातल्या मोठ्या संस्थेतल्या कुणाला सुचला तरी काकूंनी त्याला पाटल्यांची गोष्ट सांगितली नसती. तो दिवसा एका गोदामात कामाला होता आणि घरांना संध्याकाळीच जायचा, कारण माणसे तेव्हाच घरी सापडतात. त्याला वेळ नव्हता म्हणून त्याच्याकडून हे काढून घ्यायचे होते?

चौथे म्हणणे चोरीचे. सगळे उचलतात, म्हणून बंद करा. उचलतात हे मी नाकारत नाही. तयार प्रोजेक्ट मिळतात, वर्ष आणि नाव बदलून मिळतात, हे प्रत्येक कॉलेजच्या आसपास सगळ्यांना माहीत असते. पण कॉपी होते म्हणून दहावीची परीक्षा कुणी बंद केली का? कॉपी पकडण्याची व्यवस्था सुधारावी लागते. इथे ती व्यवस्थाच वाकडी बसवली आहे. आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांत साम्याच्या पायऱ्या आहेत: 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 40 पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, 60 पर्यंत वर्षभर बंदी, त्यावर नोंदणी रद्द. हेतू चांगला. प्रत्यक्षात विभागांनी यातला फक्त 10 हा आकडा उचलला. आता मुलगा विचारतो, “मॅडम, माझे 14 टक्के आलेत, 9 करून द्याल का?” प्रश्न कुणाचा, माहिती कुणी जमवली, तक्ता कुणी केला, हे कुणी विचारतच नाही. 9 टक्के साम्याचा संपूर्ण खोटा प्रबंध असू शकतो. आकडे मनाने भरले तर सॉफ्टवेअरला ते कसे कळणार? आणि आता तर यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर कशाशीच जुळत नाही.

उपाय साधा आहे आणि तो माणसांनीच करायचा आहे. भरलेले मूळ तक्ते आणि क्षेत्रकार्याची वही ब्लॅकबुकाबरोबर जमा करून घ्या. व्हायवा दहा मिनिटांचा का? अर्धा-पाऊण तास समोर बसवा आणि विचारा, या घरी गेलास तेव्हा दार कुणी उघडले? ज्याने काम केले आहे तो मुलगा बोलता थांबत नाही. ज्याने विकत घेतले आहे तो दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो. शिवाय पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर जातात, कुणीही वाचू शकते. मास्टर्सचे प्रकल्प कुठे जातात? सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगमध्ये कपाटात, आणि चार-पाच वर्षांनी रद्दीत. कुणी वाचणारच नाही हे माहीत असले की चोरी करायला भीती कसली? ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उघडे ठेवा. आणि मराठीत लिहू द्या, मनापासून लिहू द्या. इंग्रजीत लिहायची सक्ती झाली की मूल दुसऱ्याची वाक्ये शोधू लागते.

चोरी वाढवणारी आणखी एक अट आहे आणि ती संशोधनाच्या नावावर खपते: पेपर छापून आणा. 2022 च्या विनियमांनी पीएचडीलासुद्धा ती सक्ती ठेवली नाही. तरी कितीतरी विभाग मास्टर्सच्या विद्यार्थ्याकडे प्रकाशनाचे प्रमाणपत्र मागतात. त्याचा परिणाम काय होतो, हे पुण्यातच तपासले गेले आहे. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले, की विद्यापीठांनी सुचवून आयोगाच्या यादीत गेलेल्या 1009 नियतकालिकांची त्यांनी छाननी केली आणि कसोटीला उतरली फक्त 112. बाकीच्यांचा धंदा कुणाच्या पैशावर चालत होता? नोकरीसाठी, बढतीसाठी आणि सबमिशनसाठी पेपर छापावाच लागणाऱ्यांच्या. ही अट काढा, मी पाठिंबा देते. पण पेपरची अट म्हणजे संशोधन नव्हे. तिच्यातली कीड दाखवून शोधप्रकल्प कापू पाहणाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधू नयेत.

राहिला ओजेटीचा पर्याय. ओजेटीला माझा विरोध नाही. चार क्रेडिट म्हणजे 120 तास मुलाने खऱ्या कामाच्या जागी काढावेत, चांगलेच आहे. पण ओजेटीत काम दुसऱ्याने ठरवलेले असते. एमकॉमच्या मुलीला जीएसटीची बिले भरायला बसवले तर ती बिले भरायला शिकते. ती बिले उशिरा का येतात, कोणत्या गिऱ्हाइकाची येतात, त्यात छोट्या व्हेंडरचे किती पैसे अडकतात, हे विचारायची परवानगी तिला तिथे नसते. ती परवानगी फक्त शोधप्रकल्पात मिळते. एक काढून दुसरे वाढवले की स्वस्त हात तयार होतील. या पट्ट्यात स्वस्त हातांची टंचाई कधीच नव्हती.

शेवटी हे सगळे बोलून झाले की खरा आक्षेप बाहेर येतो: मार्गदर्शक कुठून आणायचे? एकेका शिक्षकाकडे वीस-वीस मुले, निम्मे शिक्षक सीएचबीवर, तासाला पैसे; शोधप्रकल्प तपासल्याचे पैसे मिळाले तर मिळाले. पदव्युत्तर मान्यता असलेले थोडे, आणि ते परीक्षा, नॅक, समित्या यांत बुडालेले. यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण हा आक्षेप शोधप्रकल्पाविरुद्ध कसा काय होतो? हा तर रिकाम्या जागांविरुद्धचा आक्षेप आहे. आपण भरती केली नाही म्हणून विद्यार्थ्याचा प्रश्न विचारण्याचा हक्क काढून घ्यायचा, ही कुठली रीत? मार्गदर्शनाचा तास हा शिकवण्याच्या तासाइतकाच धरा आणि तो वेळापत्रकात लिहा. सीएचबीवरच्या शिक्षकाला त्याचे मानधन द्या. आर अँड डीई, सीआयआरटी, एआरएआयमधून निवृत्त झालेली माणसे याच भागात राहतात. त्यांना सहमार्गदर्शक म्हणून रीतसर बोलवा.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत ‘फक्त कोर्सवर्क’चा ठराव घेऊन जो कुणी येईल, त्याने आधी आपल्या विभागातली मंजूर पदे किती, भरलेली किती आणि प्रत्येक मार्गदर्शकाकडे विद्यार्थी किती, हे तीन आकडे टेबलावर ठेवावेत. ते ठेवायची तयारी नसेल तर दहापैकी एकाही क्रेडिटला हात लावायचा त्याला अधिकार नाही, आणि आम्ही तो लावू देणार नाही.